अप्पांच्या बॉनेटवरचा गंज

"हा रंग हाय का गेरू, पेंटर?"

बॉनेटवर बोट ठेवून अप्पांनी विचारलं. तेही भर गॅरेजात, गिऱ्हाइकांसमोर.

बोटाखाली मसुराच्या डाळीएवढा तांबूस डाग होता. शेजारी तसलेच आणखी काही. ही जागा मीच खरवडून, रंगवून दिली होती. एकदा नव्हे, दोनदा. गाडी तीच, बॉनेट तेच, गंज तोच आणि बोलणी खाणाराही मीच.

मन्मथअप्पा म्हणजे सोनपेठचे खत-बियाण्याचे व्यापारी. कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात पांढरी बंडी आणि दारात क्रीम रंगाची अँबॅसिडर. तिच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. मी परभणीत रज्जाकभाईंच्या गॅरेजात पेंटर होतो. रज्जाकभाई भला माणूस, पण गॅरेजचं नाव खराब झालेलं त्यांना खपत नसे. अप्पा गेल्यावर ते म्हणाले, "दिगंबर, अप्पा पूरे बाजार में बोलते फिर रे. अब के जंग आया, तो तू दूसरा गॅरेज देख ले."

दुसरं गॅरेज कुठलं बघणार? परभणीत सगळे मालक एकमेकांच्या ओळखीचे. गंजवाला पेंटर म्हणून एकदा नाव पडलं की दारात कुणी उभं करणार नव्हतं. घरात बायको, लेकरं आणि अंथरुणाला खिळलेले वडील. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यात विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज बंद, उद्या मोर्चा. अप्पांनी निरोप धाडला, "गाडी आता भाईर काढणार न्हाई. दगड कुठून यील सांगता येतं का? पेंटरला घरीच धाडा." मग काय, पिशवीत रंगाचे डबे भरले आणि एसटीनं सोनपेठ गाठलं.

गंजाचं काम घरी होतं, अवघडही नाही. पण घाई करून चालत नाही. डाग वरून डाळीएवढा दिसला तरी रंगाखाली तो पसरलेला असतो. म्हणून आजूबाजूचा चांगला दिसणारा रंगही खरवडायचा, पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत. मग थिनरच्या फडक्यानं पुसायचं आणि लगेच प्रायमर मारायचा. प्रायमर म्हणजे पत्रा आणि रंग यांच्यामधला अस्तराचा हात. तो वाळला की खड्डा बुजवायला लांबी, म्हणजे आमची पुट्टी. मग वॉटर पेपरनं घासून सारखं करायचं आणि शेवटी रंग. उघड्या पत्र्याला पाणी लागू द्यायचं नाही, एवढं साधं पथ्य.

अप्पा खुर्ची टाकून शेजारीच बसले होते.

"एवढुसा डाग, अन् एवढं कशाला खरवडायलाव? चांगला रंग बी काढायलाव की!"

"अप्पा, गंज आत गेलाय."

"आत गेला म्हंजे तुमीच ठिवला असंल मागच्या टायमाला."

मी दात खाऊन खरवडत राहिलो. पत्रा चमकला. प्रायमरचा डबा उघडायला वळलो, तर मागून खळ्ळकन आवाज. अप्पांनी तांब्याभर पाणी बॉनेटवर ओतलं होतं!

"धूळ बसायली होती," ते म्हणाले.

डबा तिथंच आपटावा आणि चालू लागावं असं वाटलं. पण जाणार कुठं? पुसलं, वाळवलं, परत घासलं. संध्याकाळपर्यंत प्रायमर वाळला.

ऊन उतरलं तशा अप्पांच्या पत्नी, काकू, बाहेर आल्या. खांद्यावर भलंमोठं तळवट. खळ्यावर धान्याखाली अंथरतात तसलं, पोती उसवून शिवलेलं. त्या सरळ गाडीकडे निघाल्या.

"काकू, हे काय?"

"गाडी झाकायची की. दगडधोंड्याचं भ्या हाय ना. रोज सांजच्याला झाकतो आमी. यांनीच शिवून घेतलंय."

मी तळवट हातात घेतलं. शिवणीत पांढरी पूड बसली होती. नख लावलं तर चुरचुरली.

"अप्पा, ही पोती कशाची?"

"दुकानातलीच. युरिया, पोटॅश. वाया कशाला घालवायची? दोनदा धुतलीत."

मी कपाळावर हात मारला. पोटॅश म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. रात्री दव पडायचं, पोतं भिजायचं, खारं पाणी रंगाच्या बारीक टवक्यांतून पत्र्यात मुरायचं. मी गंज काढत होतो आणि हे रोज संध्याकाळी मायेनं परत लावत होते.

अप्पांना पटेना. "पाण्यानं लोखंड गंजतंच की! पोत्याला कशाला नाव?"

तेव्हा मी काकूंकडे एक जुना तवा मागितला. घासून लख्ख केला. एका बाजूला धोतराची ओली चिंधी ठेवली, दुसऱ्या बाजूला तळवटाचा ओला तुकडा. पाणी एकाच घागरीतलं. गाडी त्या रात्री उघडीच ठेवायला लावली आणि ओसरीवर आडवा झालो.

सकाळी काकूंनीच तवा उचलला. चिंधीखाली फिकट पिवळट डाग होता. पोत्याखाली तांबडी खपली धरली होती, शिवणीच्या टाक्यांसकट.

काकू अप्पांकडे वळल्या. "बघा! अन् लेकराबाळाच्या माणसाला गावभर बदनाम करायलाव व्हय?"

अप्पांनी तळवट गुंडाळून आत नेलं. माझे मात्र डोळे भरून आले. इतक्या दिवसांत माझ्या बाजूनं कुणीतरी पहिल्यांदा बोललं होतं.

लांबी भरली, रंग दिला. काकूंनी झाकायला जुनी धुवट सतरंजी काढली. पुढचा पावसाळा गेला, हिवाळा गेला, बॉनेट स्वच्छ राहिलं. अप्पांनी रज्जाकभाईंना सांगितलं, "या टायमाला पेंटरनं मन लावून काम केलं." तव्याचा शब्दसुद्धा काढला नाही. रज्जाकभाईंनी माझी पाठ थोपटली. मीही खुलासा करत बसलो नाही. नोकरी राहिली होती.

मग एक दिवस गॅरेजात गंगाखेडची एक गाडी आली. बॉनेटवर मसुराच्या डाळीएवढे तांबूस डाग. मालक अप्पांचे व्याही निघाले.

मी हातातला वॉटर पेपर खाली ठेवला. "गाडी रात्री कशानं झाकता?"

"आमच्या मन्मथअप्पांनी तळवट दिलंय ना," ते कौतुकानं म्हणाले. "चांगलं शिवलेलं होतं. म्हणाले, आमच्याकडं वाया जायलंय, तुमी न्या."

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत गंजाची गाडी आली की मी डाग नंतर बघायचो. ती रात्री काय पांघरते, ते आधी विचारायचो.