बर्लिनमधलं बारसं

पाळण्याच्या दोरीला मी हात घातला आणि मृणालच्या आईने माझं मनगट धरलं.

"तुम्ही नका. दोरी आमच्यातल्या बायका धरतील."

आवाज चढवला नाही. हसून बोलली. खोलीत दहा-बारा बायका होत्या. सगळ्या मराठी, काठापदराच्या साड्या नेसलेल्या. खिडकीबाहेर बर्लिन शहर. कोणी खाली बघितलं, कोणी मोबाइलमध्ये. मग एकीने गाणं सुरू केलं आणि बाकीच्यांनी सूर धरला. मी हात काढून घेतला.

त्या बाळाला त्याच सकाळी मी न्हाऊ घातलं होतं. टाळूवर तेल थापलं होतं, गालाला तीट लावली होती. तो पाळणासुद्धा माझ्या मुलाने जोडला होता, गुडघ्यांवर बसून, एकेक स्क्रू आवळत. तो दारातच उभा होता. त्याने ऐकलं. पाण्याचा ट्रे घेऊन तो स्वयंपाकघरात निघून गेला.

मी पुण्याजवळच्या थेरगावची. म्हणजे लग्नानंतरची. माहेर लातूरकडचं. शाळा चौथीपर्यंत. नवरा गेल्यावर चाकणला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटल्या, खांदे भरून येईपर्यंत. तिथे तीन शिफ्टची माणसं माझ्या हातचं खायची. जात कोणी विचारली नाही. भूक लागलेला माणूस विचारत नाही. मला वाटलं, संपलं ते.

मुलगा इंजिनियर झाला. आधी चाकणलाच होता, मग त्याला बर्लिनला नोकरी लागली. तीन महिन्यांच्या व्हिसावर त्याने मला नेलं. तिथे सून बाहेर कामाला जायची आणि मुलगा घरूनच काम करायचा. मी घरात वावरायची ती चोरासारखी. भांडं वाजलं की तो आतून हात हलवायचा. मीटिंग चालू आहे. बाहेर जावं तर कोणाशी बोलणार? खिडकीत बसून मी खालची झाडं बघायची. कंटाळा यायचा, पण सांगणार कोणाला? त्याने एवढा खर्च केलेला.

वरच्या मजल्यावर मृणाल राहायची. तिचा नवरा माझ्या मुलाचा साहेब. मुलाला तिथली नोकरी त्याने लावून दिली, घरही त्यानेच बघून दिलं. मृणाल बाळंत झाली आणि तिच्या आईचा व्हिसा अडकला. त्या देशात बाळाला तेल लावणारी बाई कुठून मिळणार? मृणाल रडत खाली आली.

"आजी, तुम्ही याल का? मला त्याला धरायचीच भीती वाटते."

गेले. तिथल्या न्हाणीत पाट नाही, मोरी नाही. मी साडी खोचून त्यांच्या पांढऱ्या टबात उतरले, पाय लांब केले आणि बाळाला नडगीवर पालथं घेतलं. मृणाल हसून म्हणाली, "आजी, फोटो काढू का?" दुसऱ्या दिवशी तव्यावर ओवा टाकून धुरी दिली, तर छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. साहेब पळत बाहेर आले. हातात उघडा लॅपटॉप, कानाला हेडफोन, वर कडक शर्ट, खाली बर्म्युडा.

"आजी, जर्मन लोक बघतायत हो!"

"मग पँट घाला," मी म्हणाले.

आम्ही सगळेच हसलो. बरे दिवस होते ते. बाळ माझ्या पायावर झोपायचं.

मग मृणालची आई आली. रावेतची. मोठ्या सोसायटीतली. रावेत ते थेरगाव रिक्षाने जायचं अंतर. तिथे भेट झाली असती तर तिच्या सोसायटीच्या गेटवर माझी पिशवी तपासली असती. बर्लिनमध्ये सोफ्यावर शेजारी बसलो.

"मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"लातूरकडची."

"आडनाव?"

सांगितलं. तेवढ्याने तिचं भागलं नाही. आमचं आडनाव दोन-तीन जातींत असतं. "म्हणजे कोणत्यातल्या?" माझा मुलगा समोरच बसला होता. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला सगळं कळलं. त्याने तिथे जातीचं काही सांगितलेलं नव्हतं. लोकांनी जे समजायचं ते समजू दिलं होतं.

"आम्ही मातंग," मी म्हणाले.

"असू दे, असू दे. आम्ही तसलं काही मानत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मला चहा कागदी ग्लासात आला. "पार्टीचे उरलेत, संपवायचेत," ती म्हणाली. बाकीच्यांचा कपात. बाळ मात्र रोज माझ्या पायावर. तिचे गुडघे दुखत होते, तिला खाली बसता येत नव्हतं.

ते मी गिळलं. मुलाकडे बघून गिळलं. मग बारसं झालं.

त्या रात्री मला माझी आई आठवली. ती गावात बाळंतपणं करायची. बोलावणं यायचं तेव्हा मोठ्या घरांचे दरवाजे तिला उघडे असायचे. मूल बाहेर आलं, नाळ कापली, घाण धुतली की ती अंगणात. तिच्यामागे घरात गोमूत्र शिंपडायचे. बारशाला आम्ही दोघी कुडाबाहेर बसायचो आणि वरून तिच्या पदरात घुगऱ्या पडायच्या. मी लहान होते, मला घुगऱ्या आवडायच्या. आई म्हणायची, "झालं आपलं काम, चल." तिचा आवाज थकलेला असायचा. मला वाटायचं, जागरणाने.

सकाळी मृणालचा फोन आला. मी उचलला नाही. तिने माझ्या मुलाला केला.

"आई, जा ना वर," मुलगा म्हणाला. "बाळ रडतंय."

"न्हाई."

"आई, माझं काम साहेबांच्या हातात आहे. काम गेलं तर व्हिसा गेला. तुला कळतंय का?"

"कळतंय. तुझं काम चालावं म्हणून मी त्यांचं पोर धुवायचं. माझ्या आईने हेच केलं."

"थोडेच दिवस राहिलेत तुझे इथे."

"तुझे किती राहिलेत?"

तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मीटिंग होती म्हणे.

थोड्या वेळाने मृणालच खाली आली. बाळ खांद्यावर, लालबुंद झालेलं. माझ्या वासाने त्याने तोंड माझ्याकडे वळवल्यासारखं केलं. माझे हात पुढे जायला लागले. मी ते पदरात गुंडाळले.

"आजी, आईचं मनावर घेऊ नका. जुनी माणसं आहेत."

"तुझी आई माझ्याहून लहान आहे."

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आणि तू तिथेच होतीस, मृणाल. तू कुठली जुनी?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया आली नाही. तिला रडायला येतं, बोलायला येत नाही.

"मी येते," मी म्हणाले. "आत्ता येते. आधी तुझ्या आईच्या समोर पाळणा हलवते, मग बाळाला न्हाऊ घालते. चल."

ती बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली. मग म्हणाली, "घरात उगाच तमाशा होईल, आजी."

"मग जा."

ती गेली. वरून रडणं ऐकू येत होतं. बराच वेळ. माझा जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू? पण मी उठले नाही. त्या लेकराचा काही दोष नव्हता. माझ्या आईचाही नव्हता.

मुलगा पुढे माझ्याशी कामापुरतंच बोलला. विमानतळावर बॅग ढकलताना म्हणाला, "आई, तुला परत जायचंय. मला इथेच राहायचंय." त्याची भीती मला समजते. मी ती खाऊनच म्हातारी झाले.

त्याची नोकरी आहे अजून. साहेब नीट बोलत नाही म्हणतो.

आता सून गरोदर आहे. परवा त्याचा फोन आला. मी इथे थेरगावात डांगे चौकात भाजी घेत होते.

"आई, बाळंतपणाला ये. तुझ्याशिवाय कोण आहे?"

"येते."

"फक्त... ह्या वेळी कोणी विचारलं तर विषय बदल. एवढं कर माझ्यासाठी."

गाड्यांचा आवाज होता. मी दुकानाच्या आडोशाला गेले, त्याला नीट ऐकू जावं म्हणून.

"कोणी विचारायची मी वाट बघणार न्हाई," मी म्हणाले. "बाळाच्या बारशाला त्या सगळ्यांना बोलव. तिथे असली तर मृणालच्या आईलाही. दारातच प्रत्येकीला सांगीन, आम्ही मातंग, आमच्या घरी बारसं आहे, यायचं तर आत या. तुझं पोर त्याची जात लपवायला शिकणार असेल, तर त्याच्या अंगाला मी तेल लावणार न्हाई. नातू असला तरी न्हाई. चालत असेल तर तिकीट काढ."

फोन चालूच होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मीच बंद केला.

तिकीट अजून आलेलं नाही. सुनेला दिवस भरत आलेत. मी फोन करून विचारणार नाही, आणि बोलले त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.