कुणाकडं निघालात?

सुट्टीत सगळे जातात तिथं मी जात नाही. मुद्दाम आडवाटा शोधतो. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला, आणि डोक्यावर ओझं नसताना डोंगर चढणाराही मीच पहिला. याचा मला अभिमान आहे.

परवा एका जुन्या घाटवाटेवर शेळ्या राखणाऱ्या मावशींनी विचारलं, "कुणाकडं निघालात?"

"कुणाकडं नाही. नुसताच चालतोय."

"नुसतंच? बायकोशी भांडून आलात का काय?" त्या हसल्या. मीही हसलो.

वरचं गाव उठलं तेव्हापासून या वाटेवर गवत माजलंय, असं त्या म्हणाल्या. मला वाटायचं, वाट चालणाऱ्याच्या पायांनी टिकते. खरं तर पलीकडं कुणीतरी राहत असतं म्हणून ती टिकते.

"अंधाराआधी उतरा. घरी काळजी करतील."

"हो," म्हणालो. खोलीला कुलूप लावून आलोय, हे काही सांगितलं नाही.