वसंताच्या मोबाईलची ओळ

मंडळी, आज जीव थकला. गावच्या वाचनालयाचं वायफाय मीच सांभाळतो, यूट्यूब पाहून शिकलो. वायफायच्या डबीतल्या, म्हणजे राउटरमधल्या, एका फाईलमध्ये परवानगी असलेल्या प्रत्येक मोबाईलची मालकाच्या नावानं एक ओळ आहे. ती वाचून एक छोटा प्रोग्रॅम, स्क्रिप्ट, बाकीच्या मोबाईलना अडवते.

सकाळी जड मनानं माझ्या दिवंगत मित्राची, वसंताची ओळ पुसली. दुपारी त्याची बायको, सुमनवहिनी, धापा टाकत आली.

"भाऊजी, पोरीले बाळ झालं, अन् मले फोनवर त्याचं तोंड दिसून नाई राह्यलं!"

वसंताचा मोबाईल आता वहिनी वापरतात, हे ध्यानातच आलं नाही. ओळ परत लिहिली, डबी बंद करून चालू केली. नातू दिसला.

"वसंताचं नाव परत टाकलं, वहिनी."

"त्याईचं काऊन? फोन मी वापरतो. माह्यं टाका."

टाकलं. मग अख्खी फाईल वाचली. माझ्या बायकोचा मोबाईलही माझ्याच नावानं निघाला. तुमच्याकडच्या यादीत कोणाचा मोबाईल कोणाच्या नावानं आहे, सांगा.