खाली गेलो तर मी मोकळी

ऋतिका घाडीला मी पहिल्यांदा पाहिलं ते मरोळ रोव्हर्सच्या ऑफिसात, करारावर सह्या करायच्या दिवशी. आम्ही दोघी गोलकीपर. ती मुख्य, मी राखीव. मी पार्ल्याची, कॉलेजच्या टीममधून आलेली. ती घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरची. वडील सहदेवकाका लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, मूळचे कुडाळकडचे. गोलकीपर कशी झालीस, असं विचारलं की ती हसायची. त्यांची गल्ली इतकी उतरती की सुटलेला बॉल थेट खाली रस्त्यावर, रिक्षांच्या मधे जायचा. ज्याने सोडला त्यानेच आणायचा, असा नियम. "दोनदा उतरले, दोनदा चढले. मग म्हटलं, आता सोडायचाच नाही."

तर सह्यांचा दिवस. क्लबचे सेक्रेटरी यज्ञेश दिघे प्रत्येकीसमोर कागद सरकवत होते. माणूस वाईट नव्हता. स्वतःची जिम चालवून मुलींची टीम उभी केलेली, देशातल्या वरच्या लीगमध्ये पोचवलेली. पण व्यवहाराला पक्का. करारात एक कलम होतं: टीम खालच्या लीगमध्ये उतरली तर सगळ्यांचे पगार अर्धे. आम्ही न वाचताच सह्या केल्या. ऋतिकाने पेन खाली ठेवलं.

"सर, खाली गेलो तर पगार अर्धा, हे तुमच्या सोयीचं झालं. माझ्या सोयीचं पण एक लिहा. खाली गेलो तर मी मोकळी. दुसऱ्या क्लबात जायला तुमची परवानगी लागणार नाही."

"अगं, अजून एक मॅच खेळली नाहीस आणि खाली जायच्या गोष्टी?" दिघेसर चिडले.

"पहिली गोष्ट तुम्हीच काढलीत ना सर. छापलीय इथे."

मग तिने सांगितलं. एकोणीस वर्षांची असताना ती बाहेरच्या राज्यातल्या एका क्लबात होती. तो क्लब खाली उतरला. त्यांच्याकडे मॅचेस खेळवायला पैसे नव्हते आणि ते हिला सोडतही नव्हते, कारण करार बाकी होता. अख्खं वर्ष ती एकटीच भिंतीवर बॉल मारत बसली. हात कुठे ठेवायचे तेच विसरायला झालं, म्हणाली. पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं.

दिघेसरांना ती हवीच होती. त्यांनी कलम लिहून घेतलं. आम्हा बाकीच्यांना मात्र ते जरा खटकलंच. पहिल्याच दिवशी ही बाहेरचा दरवाजा बघून ठेवते, असं.

पहिला मोसम बरा गेला. दुसऱ्यात वाट लागली. दोन चांगल्या पोरी जखमी, एकीची परीक्षा, आणि आम्ही हरत हरत तळाशी. शेवटची मॅच उरली तेव्हा हिशोब सोपा होता: अंधेरीत, आपल्याच लोकांसमोर, कोलकात्याच्या टीमशी निदान बरोबरी केली तर वाचलो. हरलो तर खाली.

त्याच आठवड्यात ऋतिकाला बंगळुरूच्या एका मोठ्या क्लबचा फोन आला. तुमची टीम उतरली तर तुम्ही मोकळ्या असाल असं कळलंय, आमच्याकडे या. तिच्या जागी दुसरी असती तर गप्प बसली असती. ही दुसऱ्या दिवशी सरावाआधी कपडे बदलायच्या खोलीत उभी राहिली आणि सगळ्यांना सांगून टाकलं.

"उद्या बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे," ती म्हणाली.

आमची कॅप्टन इरावती म्हणाली, "बरं. चला, बूट घाला."

दिघेसरांना कळलं तेव्हा ते धावतच मैदानावर आले. कोच आकाशसर सरावाचे प्लॅस्टिकचे कोन मांडत होते, मी शेजारीच उभी होते.

"तिला शनिवारी खेळवायचं नाही. हरली तर फायदा तिचाच! अशा पोरीला गोलमध्ये उभी करायची?"

आकाशसरांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला. खरं सांगते, क्षणभर हुरळले मी. मग म्हटलं, "सर, सांगाल तर खेळेन. पण वाचायचं असेल तर ती खेळायला हवी."

एवढ्यात ऋतिकाच ग्लोव्ह्ज काढत आमच्याजवळ आली. दिघेसरांनी आवाज खाली आणला. "हे बघ ऋतिका, सोपं आहे. ते कलम सोडलं असं लिहून दे आणि खुशाल खेळ. माझा विश्वास बसेल."

"नाही सर."

"म्हणजे खेळणार नाहीस?"

"खेळणार. आणि कलमही राहणार." तिचा आवाज जराही चढला नाही. "ते मी हरण्यासाठी मागितलं नव्हतं. हरलोच तर माझं खेळणं संपू नये म्हणून मागितलं होतं. हरायचं की नाही ते शनिवारी मैदानात बघू ना."

दिघेसर आकाशसरांकडे वळले. आकाशसर शेवटचा कोन ठेवून उठले. "टीम मी निवडतो. ही खेळेल."

शनिवारी स्टँड बऱ्यापैकी भरला होता. सहदेवकाका सुट्टी टाकून आले होते, बायको नलिनीकाकूंना घेऊन. बंगळुरूची बातमी एव्हाना सगळीकडे पसरली होती.

आणि पहिल्याच दहा मिनिटांत ते झालं. उजवीकडून साधा, उंच बॉल आला. शाळेतली पोरगी पकडेल असा. ऋतिकाने हात वर केले, बॉल हातात आला, आणि सुटला. तिच्या पायाला लागून सरळ जाळ्यात.

स्टँडमधून कोणीतरी ओरडलं, "विकली गेली!" दुसऱ्याने री ओढली. दिघेसर उठून बाकाजवळ आले, चेहरा लालभडक. "बघितलंत? काढा तिला!" आकाशसर मला म्हणाले, "गंधाली, वॉर्मअप कर."

मी ग्लोव्ह्ज चढवले आणि रेषेबाहेर धावू लागले. तिथून ऋतिका स्पष्ट दिसत होती. शिव्या तिच्या पाठीवरच येत होत्या. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. नुसते तळवे शॉर्ट्सला पुसले आणि इरावतीला ओरडून सांगितलं, "सहा नंबर मोकळी सुटतेय, तिला धर!"

हाफटाइमला तीच आधी बोलली. "चूक माझी. बॉल हातात यायच्या आधीच मी पुढे कोणाकडे फेकायचा ते बघत होते. सर, काढायचं तर आत्ता काढा, गंधालीला पूर्ण हाफ मिळेल. नाहीतर मला शेवटपर्यंत ठेवा."

आकाशसर काही बोलण्याआधी इरावती म्हणाली, "सर, आम्हाला ती मागे हवी." बाकीच्याही म्हणाल्या, एकेक करून. त्यात ज्यांना ते कलम खटकलं होतं त्याही होत्या.

सरांनी मला बसायला सांगितलं.

दुसऱ्या हाफमध्ये कोलकात्याच्या मुलींनी नुसता मारा केला. ऋतिकाने एक डावीकडे झेपावून बाहेर ढकलला, एक मुठीने, एक तर बारला लागून परत आलेला पोटाखाली दाबला. हळूहळू स्टँडमधल्या शिव्या थांबल्या. मग तिने एक बॉल पकडला आणि न थांबता लांब फेकला, थेट मधल्या रेषेपलीकडे. आमची विंगर पळत सुटली, तिने क्रॉस दिला, आणि इरावतीने डोकं घातलं. गोल! एक-एक!

मी बाकावरून उडी मारली ती कोणाच्या अंगावर पडले ते आठवत नाही.

शेवटी शेवटी त्यांची स्ट्रायकर आमच्या दोन डिफेंडरना चकवून एकटीच सुटली. समोर फक्त ऋतिका. हरायचं असेल तर तिला काही करायची गरज नव्हती. रेषेवर उभी राहिली असती तरी कोणी दोष दिला नसता. ती सुसाट पुढे आली आणि त्या मुलीच्या पायांत स्वतःला झोकून दिलं. बूट खांद्याला लागला, दोघी कोलमडल्या. धूळ बसली तेव्हा बॉल ऋतिकाच्या छातीशी होता, लहान बाळाला धरावं तसा.

शिट्टी वाजली. वाचलो!

स्टँडमधून आरोळी आली ती मला अजून ऐकू येते. सहदेवकाका दोन्ही हात वर करून पोरीचं कौतुक अनोळखी माणसांना मालवणीत सांगत होते, "बघलास? माझ्या चेडवान राखल्यान! माझ्या चेडवान!" नलिनीकाकू पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. पोरींनी ऋतिकाला उचललं. ती ओरडत होती, "खांदा, खांदा! अरे यार, हळू!"

दिघेसर गर्दी संपेपर्यंत थांबले. मग अख्ख्या टीमदेखत तिच्यासमोर येऊन म्हणाले, "ऋतिका, मी जे बोललो ते बोलायला नको होतं. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो."

"असू दे सर," ती म्हणाली. "मी बॉल सोडला तेव्हा मलाच स्वतःचा राग आला होता, तुम्हाला येणारच."

क्लब वाचला, म्हणजे तिचं कलम लागू झालं नाही. बंगळुरूवाल्यांनी त्या वर्षी दुसरी गोलकीपर घेतली. मला वाटलं, हिला आत कुठेतरी लागलं असेल. विचारलं तर म्हणाली, "लागलं ना. पण त्या बॉलवर झेप टाकली नसती तर जास्त लागलं असतं."

तिचा करार संपत आला होता. दिघेसरांनी नवा पुढे केला, चांगला वाढवून. तिने पुन्हा पेन खाली ठेवलं. सर हसायलाच लागले. "बोल, आता काय लिहू?"

"दोन गोष्टी. मोठ्या क्लबने मला मागितलं तर तुम्ही अडवायचं नाही, ठरलेली भरपाई घ्यायची आणि सोडायचं. आणि खाली गेलो तर मोकळी, हे सगळ्यांच्या करारात. फक्त माझ्या नाही."

"सगळ्यांच्या? टीम रिकामी होईल माझी!"

"नाही होणार. जायला मोकळी असून त्या शनिवारी कोण खेळलं, बघितलंत ना?"

दिघेसरांनी सगळ्यांचे करार परत मागवले आणि प्रत्येकावर ते वाक्य घालून घेतलं. या वेळी आम्ही वाचून सह्या केल्या. इरावतीने तर मोठ्याने वाचून दाखवलं.

पुढच्या मोसमात आम्ही पाचवे आलो. एकही मुलगी सोडून गेली नाही. मोसम संपल्यावर बंगळुरूचा फोन पुन्हा आला, आणि या वेळी ऋतिका गेली, वरच्या टीमची मुख्य गोलकीपर म्हणून, सगळ्या टीमच्या टाळ्यांत. विमानतळावर तिची बॅग दिघेसरांनी स्वतः उचलून नेली. तिने नको नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

आता मरोळच्या गोलमध्ये मी असते. गेल्या महिन्यात तिची टीम अंधेरीला आली होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा आमचा अख्खा स्टँड उभा राहिला, प्रतिस्पर्धी टीमच्या गोलकीपरसाठी! त्यांनी आम्हाला एक-शून्यने हरवलं. इरावतीचा हेडर तिने बोटाच्या टोकाने बाहेर काढला. इरावती डोकं धरून हसत बसली. मी दुसऱ्या टोकाला होते. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.