जुनं माप

टाचणीबाई म्हणजे गल्लीच्या टोकाची शिंपीण. अंगाने काटकुळी आणि जीभ टोचरी, म्हणून हे नाव. तिचा हट्ट एकच. गिऱ्हाईक महिन्यापूर्वी येऊन गेलेलं असलं तरी माप नव्याने घ्यायचं. जुन्या मापावर तिने कधी कापड बेतलं नाही.

तिच्या आतड्याला सूज येऊन दिवसातून दहा-दहा वेळा शौचातून रक्त पडू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. आठवड्यात रक्त थांबलं. खोटं कशाला बोला, त्या गोळ्यांनीच तिला परत मशीनवर बसवलं. पण पुढे दर भेटीत डॉक्टरांनी मान वर न करता चिठ्ठीवर दोनच शब्द खरडले, 'तेच चालू'. अशी तीन वर्षं गेली.

तोंड गोल गरगरीत झालं. नणंद कौतुकाने म्हणाली, "वहिनी, बाळसं धरलंत हो! आता टाचणी कसली, बटण म्हणायला हवं." तेव्हा ती हसली होती. आता ते हसू आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

कारण परवा कापडाचा तागा उचलताना पाठीत कट्‌कन झालं आणि ती खालीच बसली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला. मणका दबला होता. तोंडाचं ते बाळसं म्हणजे गोळ्यांची सूज, आणि हाडंही त्यांनीच ठिसूळ केली होती. सुईत दोरा जात नव्हता, तो मोतीबिंदू. तोही बहुधा गोळ्यांचाच. आणि बाईची अजून चाळिशीही झाली नव्हती!

"फेकूनच देते मेल्या गोळ्या!"

"तसं मुळीच करू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीराला त्यांची सवय झालीय. एकदम थांबवलं तर जिवावर बेतेल. हळूहळू कमी करू, आतड्यासाठी दुसरं औषध देऊ."

म्हणजे ज्यांच्या नावाने बोटं मोडायची, त्याच रोज सकाळी गिळायच्या! संतापाने तिला रडू फुटलं.

कमरेला पट्टा बांधून ती जुन्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी फाइल ओढली, पेन उघडलं. "तेच चालू ना?"

तिने गळ्यातली मापाची फीत काढून टेबलावर आपटली. "डॉक्टर, मी उशीचा अभ्रा शिवायचा तरी उशी मोजते. माझी हाडं तुम्ही तीन वर्षांत एकदा तरी मोजलीत?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.