माळवदावरची माती

रुक्मिणीआत्या उद्या शिडी चढणार, हे काही केल्या मंजुषाच्या मनातून जाईना. साठीला टेकलेली बाई, गुडघे धड वाकत नाहीत, आणि निघाली भाच्याच्या छपरावरची माती उपसायला!

पाटोद्याच्या बाजूला जुन्या घरांवर मातीचं सपाट छत असतं, माळवद म्हणतात त्याला. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर पांढरी माती पसरायची. जुना थर खरवडायचा कंटाळा, म्हणून त्याच्यावरच नवा. बापाच्या मातीवर लेकाची माती.

आत्या किल्लारीकडं नांदत होत्या. त्र्याण्णव साली गणपती बुडवून गाव गाढ झोपलं होतं. पहाटे म्हैस अडली म्हणून आत्या अंगणात आल्या आणि जमीन हादरली. नवरा आणि लेक ढिगाऱ्यातून काढले, तेव्हा दगडांपेक्षा मातीच जास्त निघाली. ती दरसाल आत्यांनीच डोक्यावरून वाहिलेली होती.

माहेरी परतल्यावर त्यांनी खोरं घेऊन आधी वडिलांचं माळवद हलकं केलं. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय. पुढं गावातल्या बायकाच बोलवायला लागल्या. आत्या वरून टोपली ओतताना खालच्या मालकाला बजावायच्या, "सरका मोहनराव, न्हाईतर तुमालाच उकरावं लागंल!" दुःख करत बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नाही.

यंदा अडला तो मंजुषाचा सख्खा भाऊ, भागवत. सुट्टीला त्याच्याकडं गेलेल्या तिच्या लेकीनं, सायलीनं, संध्याकाळी तिला फोनवर सगळं हसत सांगितलं. मामा म्हणाला होता, "आत्या, पाऊस तोंडावर आलाय. जुनी माती कवा काढू? तुमी काय भूकंप पदरात बांधून फिरता?"

"पदर फाटलाय माझा, भाग्या. कवाबी सांडंल. उद्या तू नव्या मातीची टोपली उचलायच्या आधी म्या वर असंन."

मंजुषाला हसू आलं नाही. आत्याला फोन करावा, गळ्याची शपथ घालावी, असं तिनं ठरवलंही. पण शपथेनं आत्या खाली राहिली, तर माती वर राहणार. आणि त्याच छताखाली सायली झोपते. आत्याला हे तिच्याआधी कळलं होतं.

तिनं भागवतचा नंबर लावला. आत्या शिडीपाशी पोचायच्या आत तो खोरं घेऊन वर चढलेला असायला हवा होता.