घरनं नेलेलं पाणी
लसूण घातलेल्या आंबिलीचा आंबूस वास आला की निजामी संपली त्या वर्षीची वेळ अमावस्या, मार्गशीर्षातला रानात जेवायचा सण, आठवते. पळसाच्या रानातून चालत तळ्यावर जायचं, लव्हाळ्याच्या कडेला बसून जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं, असा आमचा दरवर्षीचा बेत. आदल्या दिवशी माझी थोरली बहीण अक्का भज्जीसाठी, त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीसाठी, तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हणाले, “शेजारची माझी मैत्रीण आली का हैदराबादहून? तिलाबी नेऊ.” पावसाळा सरताना तिच्या घराला कुलूप लागलं, तेव्हा ते सगळे हैदराबादला गेले, असं मला सांगितलं होतं. अप्पा, माझे वडील, खाली बघत म्हणाले, “औंदा पाणी घरनंच न्या. तळ्याचं प्यायचं न्हाई.” “कामून? तळं तर भरलंय की!” अक्का उठली आणि रडत रडत घागर घासू लागली. मैत्रीण हैदराबादला गेलीच नव्हती, निजामी संपतानाच्या मारामारीत घरच्यांसकट त्या तळ्यात गेली होती, हे मला तेव्हा कळलं. आता नातवंडं सहलीला निघाली की त्यांच्या बाटल्या मीच भरते.